पहिल्या धक्क्याचे माप

(शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



ज्या शाळेच्या बाकावर बसून बाराखडी गिरवली त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा माझ्यासारख्या माजी विद्यार्थ्याला लाभलेला मोठाच मान आहे. या मानाबद्दल मी व्याख्यानमाला समितीचा मनापासून ऋणी आहे.

ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांनी या शाळेच्या तालमीत आणि एन.सी.सी.च्या पथकात मुलांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. इंदूरच्या मराठी समाजात त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आढळत नाही असे घर विरळाच. नवा मुलगा तालमीत आला की ते आधी त्याची मनगटे पाहत आणि मगच त्याला कोणती जोडी द्यायची ते ठरवीत. या एका सवयीवर आज मला बोलायचे आहे. मात्र उदाहरण घेणार आहे ते एका वेगळ्याच क्षेत्रातले. ते क्षेत्र आहे नेमबाजीचे, आणि त्यातही रिव्हॉल्व्हरचे.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे अमेरिकेत राहिलो. तेथील एका नेमबाजी मंडळात नवशिक्यांना शिकवण्याचे काम मी हौसेने पत्करले होते. त्या देशात वडील मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवतात, आजोबा नातवाला शिकवतात. यातले जाणते लोक मुलाच्या हाती रिव्हॉल्व्हर देण्यापूर्वी त्याच्यासाठी मुद्दाम हलक्या धक्क्याची काडतुसे स्वतःच्या हाताने भरून ठेवतात. ही काडतुसे का भरायची, कशी भरायची आणि ती भरताना काय सांभाळायचे, हा माझा आजचा विषय आहे.

शाळेच्या व्यासपीठावर शस्त्राची चर्चा कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती योग्यच आहे. शस्त्राचे कौतुक करण्यासाठी मी येथे उभा नाही. नेमबाजी हा ऑलिम्पिकमधला मान्य खेळ आहे. आपल्यापैकी अनेकांनी एन.सी.सी.त .२२ रायफलीने नेम धरलेला आहे, आणि अंजली भागवत यांच्यासारख्या जागतिक कीर्तीच्या नेमबाजाची सुरुवातही एन.सी.सी.तूनच झाली. ज्या विद्येत पहिल्या दिवशीची चूक दीर्घकाळ छळते आणि क्वचित प्राणावरही बेतते, त्या विद्येत शिक्षकाने पहिला दिवस कसा आखावा, हे आपणा सर्वांना उपयोगी पडेल असे मला वाटते.

धक्का म्हणजे काय

प्रथम थोडे भौतिकशास्त्र. न्यूटनचा तिसरा नियम आपण सर्व जण शिकलो आहोत. गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते तेवढाच संवेग शस्त्राला मागे मिळतो. गोळीचे वस्तुमान गुणिले तिचा वेग म्हणजे तिचा संवेग.

आता काही आकडे पाहू. .२२ लाँग रायफल या काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि आखूड नळीतून ती सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. .३८ स्पेशल या काडतुसातली सरावाची गोळी सुमारे ९.६ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर. .३५७ मॅग्नम या जोरकस काडतुसाची गोळी सुमारे १०.२ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ३७५ मीटर.

तिन्ही गोळ्या एकेक किलो वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या असे धरू, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून गोळीबरोबर बाहेर पडणारे वायू बाजूला ठेवू. मग हाताला मागे ढकलणारी ऊर्जा .२२ च्या बाबतीत एक तृतीयांश ज्यूलहूनही कमी येते, .३८ च्या सरावाच्या काडतुसात सुमारे दोन ज्यूल येते आणि मॅग्नममध्ये सात ज्यूलच्या पुढे जाते. प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा असतो, कारण मॅग्नममध्ये दारू पुष्कळ जास्त असते आणि तिचे वायूही शस्त्राला मागे ढकलतात. येथे ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की संवेग दुप्पट झाला तर धक्क्याची ऊर्जा चौपट होते. काडतूस थोडेसेच जोरकस दिसते, पण हाताला ते थोडेसे वाटत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिच्याबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. लहान हाताला लहान आणि हलके रिव्हॉल्व्हर बरे, असे सर्वांना वाटते. दुकानदारही तसेच सांगतात. वस्तुतः तेच काडतूस एक किलोऐवजी अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवले तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. हलके शस्त्र खिशात वागवायला सोयीचे असते, शिकायला नव्हे. नवशिक्यासाठी शस्त्र जड हवे आणि काडतूस हलके हवे. मात्र ते जड शस्त्र मुलाने हात लांबवून पेलत बसावे असा याचा अर्थ नाही. पहिल्या दिवशी मनगटाखाली वाळूची पिशवी द्यावी, म्हणजे शस्त्राचे वजन पिशवीवर राहते आणि त्याच्या जडपणाचा लाभ तेवढा मुलाला मिळतो.

दचकणे ही शिकलेली गोष्ट आहे

धक्का सोसता आला नाही म्हणून मुलाचा हात मोडतो असे सहसा होत नाही. बिघडते ते मन. मोठा आवाज आणि हाताला बसणारा हिसका ही जोडी शरीर एकदा अनुभवते आणि पुढच्या वेळी तिची वाट पाहू लागते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदे आखडतात आणि येणारा धक्का दाबून टाकण्यासाठी मनगट नळीचे तोंड नकळत खाली ढकलते. गोळी लक्ष्याच्या खाली जाते. मूल म्हणते, मला नेम जमत नाही. वास्तविक त्याचा नेम ठीक असतो. तो शेवटच्या क्षणी मोडलेला असतो.

नेमबाजीच्या शिक्षकांना ही सवय फार परिचयाची आहे. ती लागायला कधी कधी एकच बार पुरतो आणि ती सुटायला महिने जातात. ती ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे, आणि रिव्हॉल्व्हर तिला फार सोयीचे पडते. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये शिक्षक चार भरलेली काडतुसे आणि दोन उडवून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या मिसळून घालतो. कोणत्या घरात काय आहे हे विद्यार्थ्याला माहीत नसते. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला की बार होत नाही, पण नळीचे तोंड मात्र टपकन खाली झुकते. ते विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसते. शिक्षकाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

पण उपचारापेक्षा सवय लागूच न देणे केव्हाही श्रेयस्कर. त्यासाठी पहिले काही शे बार असे हवेत की त्यांची भीती बाळगण्याचे कारणच शरीराला सापडू नये. हलक्या काडतुसाचे सारे प्रयोजन एवढेच आहे.

येथे आवाजाबद्दल सांगितले पाहिजे. पुष्कळदा दचक बसते ती धक्क्याने नव्हे, आवाजाने. क्षणिक आवाज १४० डेसिबेलच्या वर गेला की कानाला कायमची इजा होण्याचा धोका असतो, आणि रिव्हॉल्व्हरचा बार १५० डेसिबेल सहज ओलांडतो. म्हणून मुलाच्या कानात बोळे आणि त्यावर कर्णरक्षक, असे दुहेरी संरक्षण हवे. डोळ्यांना चष्मा हवाच. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते; तीतून तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. म्हणून बोटे सिलिंडरच्या पुढे कधीही जाऊ नयेत, हे मुलाला पहिल्या दिवशी, शस्त्र रिकामे असताना, हात धरून दाखवावे लागते.

हलक्या काडतुसाची परंपरा

हलक्या काडतुसाला कोणी पोरखेळ समजू नये. त्याची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ साली दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून अगदी दुबळे, चिमुकले काडतूस बनवले. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या प्रसिद्ध कंपनीचे १८५७ सालचे पहिले रिव्हॉल्व्हर .२२ शॉर्ट या छोट्याशा काडतुसाचे होते. आज जगभर शिकाऊ नेमबाज वापरतात ते .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासून चालत आलेले आहे.

याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर 'मास्टरपीस' नावाची तीन रिव्हॉल्व्हरे काढली: एक .२२ चे, एक .३२ चे आणि एक .३८ चे. तिन्हींची चौकट एकच आणि वजनही जवळजवळ सारखे. विद्यार्थ्याने .२२ वर हात बसवावा आणि पुढे .३२ किंवा .३८ हाती घेतले तरी मूठ, चाप आणि तोल यांची ओळख कायम राहावी, ही सोय त्यात होती. चांगल्या पाठ्यपुस्तकांच्या मालिकेत इयत्ता बदलते पण लिपी बदलत नाही, तसेच हे आहे.

उच्च पातळीवरच्या स्पर्धांतही हलकेपणाचा मान दिसतो. ऑलिम्पिकमधील २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल या प्रकारात २००४ च्या अथेन्स स्पर्धेपर्यंत जगातले उत्तमोत्तम नेमबाज .२२ शॉर्ट हेच काडतूस वापरीत, कारण त्याचा धक्का सर्वांत कमी. नंतर नियम बदलला आणि .२२ लाँग रायफल आले, तेही हलकेच. याच प्रकारात २०१२ साली लंडनमध्ये रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार हे आपल्या इंदूरशेजारच्या महू येथील सेनादलाच्या नेमबाजी केंद्रात तयार झालेले. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात नियमाने ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही कॅलिबर चालते. तरीही बहुतेक नेमबाज.३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ सालचे सौम्य काडतूस पत्करतात. जसपाल राणा यांनी १९९४ साली हिरोशिमा येथे आणि २००६ साली दोहा येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले ते याच प्रकारात. दोह्याला तर त्यांनी ५९० गुणांसह तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. ज्यांना जड काडतूस सहज पेलले असते अशी माणसेही हलके काडतूस निवडतात, कारण त्यांना गुण हवे असतात, गडगडाट नको असतो.

हाताने काडतूस भरणे

आता मुख्य विषयाकडे येतो. काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की प्राइमर, दारू आणि गोळी संपतात. पुंगळी उरते आणि ती पुन्हा अनेकदा वापरता येते. अमेरिकेत पुंगळी पूर्ववत मापात आणणे, नवा प्राइमर बसवणे, दारू मोजून घालणे आणि गोळी बसवून तोंड आवळणे, ही चार कामे घरच्या मेजावर एका दाबयंत्राने करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून आहे. प्रारंभी हेतू काटकसरीचा होता. पुढे लक्षात आले की कारखान्याचे काडतूस ठरीव ताकदीचे मिळते, तर हाताने भरलेले काडतूस ज्याच्यासाठी भरायचे त्याच्या मापाचे करता येते. आपल्याकडे आई मुलाच्या घासापुरते तिखट बाजूला काढून आमटीची वेगळी वाटी करते, तसाच हा प्रकार.

रिव्हॉल्व्हर यासाठी विशेष अनुकूल आहे. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाला स्वतःची यंत्रणा चालवण्यासाठी धक्क्याचीच गरज असते. काडतूस फार हलके केले तर ते अडकते. रिव्हॉल्व्हरचे चक्र मात्र नेमबाजाच्या बोटाने फिरते, त्यामुळे काडतूस कितीही सौम्य असले तरी त्याचे काही बिघडत नाही. शिवाय .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल काडतूस चालते, कारण गोळीचा व्यास एकच आहे. १९३५ साली मॅग्नम काढताना पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केली, ती एवढ्यासाठी की हे जोरकस काडतूस चुकूनही जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. म्हणजे जड बांध्याच्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये हलके .३८ काडतूस घालणे हा नवशिक्यासाठी उत्तम मेळ झाला.

हलक्या काडतुसासाठी जाणते लोक सपाट तोंडाची मऊ शिशाची गोळी निवडतात. तिला वॅडकटर म्हणतात. शिसे मऊ असल्याने कमी दाबातही ते नळीतून सहज पुढे सरकते. तांब्याचे कवच असलेल्या गोळीला घर्षण जास्त, म्हणून मंद काडतुसात ती नळीतच अडकण्याचा धोका असतो. वॅडकटरचा आणखी एक गुण मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. ती कागदावर पंचयंत्राने पाडावे तसे स्वच्छ वाटोळे भोक पाडते. सात मीटरवरून लहान मुलालाही ते स्पष्ट दिसते. आपल्या कृतीचे फळ लगेच आणि नि:संदिग्ध दिसणे, यासारखे उत्तेजन नाही.

हलक्या काडतुसातली जोखीम

मंडळी, हलके म्हणजे निर्धोक असे मात्र कोणी समजू नये. उलट, मुलासाठी काडतूस जितके हलके करावे तितकी भरणाऱ्याची जबाबदारी वाढत जाते. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

.३८ स्पेशलची पुंगळी १८९८ च्या सुमाराची, जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाने मोठी ठेवलेली. आधुनिक दारू अगदी थोडी लागते. हलक्या काडतुसात ती पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसते. परिणाम असा की चुकून त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती ओसंडत नाही आणि डोळ्याला खटकत नाही. दुप्पट दारूचे ते काडतूस उडाले तर सिलिंडर फुटू शकतो, आणि तो फुटेल मुलाच्या हातात. म्हणून सर्व पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात रांगेने उभ्या करून, वरून दिवा धरून, प्रत्येकीत एकाच उंचीवर दारू आहे ना हे गोळी बसवण्यापूर्वी पाहायचे असते. मेजावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा. त्या वेळी गप्पा नकोत, दूरदर्शन नको, फोन नको.

उलट बाजूची चूक म्हणजे दारू फार कमी पडणे किंवा मुळीच न पडणे. तेव्हा केवळ प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. आवाज होतो तो फुसका. ते न ओळखता पुढचा बार केला तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून मुलाला पहिल्याच दिवशी शिकवायचे असते की आवाज वेगळा आला तर लगेच थांब, नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेव, बोट चापावरून काढ आणि शिक्षकाला हाक मार. आणखी हलके करू, आणखी हलके करू, या मोहाने दारू उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील किमान मापाच्या खाली कधीही जाऊ नये. त्याहून हलके हवे असेल तर .२२ हाती द्यावे. दयेलाही तळ असतो, आणि तो कोष्टकात छापलेला असतो.

शिसे विषारी आहे आणि वाढत्या वयाला ते अधिक घातक. म्हणून शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर आणि मैदानावरून परतल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय खाणे-पिणे नाही, हा नियमही सुरक्षिततेचाच भाग मानावा.

आणि एक गोष्ट आपल्या देशापुरती स्पष्ट सांगितली पाहिजे. येथे शस्त्र, काडतूस आणि दारू या सर्वांवर कायद्याचे कडक नियंत्रण आहे. १९८३ च्या दुरुस्तीपासून एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदुकीचा परवाना मिळत नाही. ठरलेल्या अटींखाली प्रशिक्षणापुरती सवलत आहे. घरच्या मेजावर काडतूस भरण्याची जी प्रथा मी वर्णिली ती अमेरिकेतली आहे आणि तिचे अनुकरण येथे कोणी करू नये. अमेरिकेतही १९९४ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही. नेमबाजीच्या सरावासाठी पालकाच्या लेखी संमतीने सूट आहे. आपल्याकडची पायरी वेगळी आहे: आधी दहा मीटरची एअर पिस्तूल, मग .२२, मग हवे तर .३२. एअर पिस्तुलाची गोळी अर्ध्या ग्रॅमची, तिचा धक्का हाताला जाणवतही नाही. वस्तू वेगळी, पण तत्त्व तेच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला नेमबाजीतले पहिले सुवर्णपदक मिळवले ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात, आणि तो प्रकार .२२ चा आहे.

पहिला दिवस

आता पहिला दिवस कसा असावा ते थोडक्यात सांगतो. आधी रिकाम्या शस्त्रावर धडा. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजायचे. नळीचे तोंड जिकडे इजा होईल तिकडे कधीही वळवायचे नाही. नेम धरल्याशिवाय बोट चापावर न्यायचे नाही. लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखायचे. हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाही.

नंतर दोन्ही हातांची मूठ. मुलाच्या बोटाला चाप पोहोचतो की नाही ते पाहायचे. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप अगदी हलका होतो; नवशिक्याने तसाच ओढावा. मग सिलिंडरमध्ये एकच काडतूस. सहा नव्हे, एकच. पहिल्या धक्क्याने दचकून बोट पुन्हा आवळले तरी दुसरा बार होणार नाही, एवढी काळजी त्यात आहे. शिक्षकाने शेजारी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहायचे. असे दहा-बारा बार एकेक करून झाले, मुलाचे डोळे उघडे राहिले, खांदे सैल राहिले, की मग दोन, मग तीन. आणि मुलाची हौस शिल्लक असतानाच थांबायचे. थकलेला हात दचकायला लवकर शिकतो.

जड काडतूस केव्हा द्यावे? ते मुलाने मागावे तेव्हा, आणि मागितल्यावरही एकच द्यावे. काहींना ते कधीच नको असते, आणि त्यात काहीच उणे नाही.

हे सारे अतिसावधपणाचे वाटत असेल तर दोन घटना सांगतो. २००८ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका शस्त्रमेळाव्यात आठ वर्षांच्या मुलाच्या हाती भराभर गोळ्या सोडणारी लहानशी मशीनगन दिली गेली. धक्क्याने ती वर उसळली आणि मुलाचा मृत्यू झाला. २०१४ साली ॲरिझोनातील एका मैदानावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून तशीच बंदूक उसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाचा प्राण गेला. दोन्ही ठिकाणी मुलाचा काही दोष नव्हता. दोन्ही ठिकाणी जवळ मोठी माणसे होती आणि सर्वांची संमती होती. कमी पडले ते एकच: हा धक्का या हाताला झेपेल का, या प्रश्नाला बार होण्यापूर्वी पुरेसे महत्त्व दिले गेले नाही.

याहून सौम्य, पण रोज घडणारा प्रकार म्हणजे थट्टा. नवशिक्याच्या हाती मुद्दाम सर्वांत जोरकस रिव्हॉल्व्हर द्यायचे, धक्क्याने तो मागे कोलमडला की हसायचे आणि त्याची चित्रफीत काढायची. त्या हसण्यात एक नेमबाज कायमचा गमावला जातो. एखाद्या लहान मुलीने त्यानंतर पुन्हा कधी मैदानाकडे पाऊल टाकले नाही, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार हसणाऱ्यांना कसा पोहोचतो?

शिक्षकाचे माप

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे नेमबाज होतील. पण आज ना उद्या तुम्ही प्रत्येक जण कोणाला तरी काहीतरी शिकवाल: धाकट्या भावंडाला पोहणे, मुलीला दुचाकी, नव्या सहकाऱ्याला कचेरीतले काम. त्या वेळी एक मोह होतो. मला जसे शिकावे लागले तसेच यालाही लागू दे, खोल पाण्यात टाकले की आपोआप पोहायला येते, अशी भाषा आपण सहज बोलतो. खोल पाण्यात टाकलेल्यांपैकी जे तरले त्यांच्याच तोंडून ती ऐकू येते. जे पाण्याला कायमचे भ्याले ते सांगायला येत नाहीत.

हलकी सुरुवात करून दिली तर मूल लाडावते, कणखर होत नाही, असा आक्षेप घेतला जातो. नेमबाजीतला अनुभव याच्या उलट आहे. ज्याने शेकडो हलके बार शांत हाताने केले, तो पुढे जड बारही त्याच शांत हाताने करतो, कारण त्याच्या हाताला दुसरे काही माहीतच नसते. आधी धक्क्याशी झुंजायला शिकलेला मात्र हलक्या बारालाही झुंजत राहतो. कणखरपणा धक्के खाऊन येत नाही; नीट केलेल्या कामाच्या पुनरावृत्तीतून तो येतो.

रात्री दिव्याखाली बसून पन्नास पुंगळ्यांत डोकावून पाहणारा तो बाप किंवा आजोबा मुलाला दिसत नाही. मुलाला दिसते ते एवढेच की पहिल्या दिवशी आपल्याला जमले. ते श्रेय मूल स्वतःकडे घेते आणि ते तसेच घेतले जावे. या शाळेतल्या ज्या गुरूंनी आपल्यासाठी अशी अदृश्य तयारी केली, मनगट पाहून जोडी निवडली, इयत्ता पाहून गणित निवडले, त्यांचे ऋण आपण मान्य करावे आणि जमेल तसे पुढच्या पिढीकडे फेडावे, इतकीच माझी विनंती आहे.